चौधरी सरांचा मुळा

निशू, हातातलं ठेव आधी आणि ऐक! आज सकाळी असं काही झालंय ना, की घरी येऊन तास झाला तरी मी बूट काढलेले नाहीत. आई दोनदा ओरडून गेली, "अगं, घरभर वाळू करून राहिली तू!" होऊ दे वाळू. आधी तुला सांगते.

पण थेट आजचंच सांगितलं तर तुला घंटा कळणार नाही. आमच्या रविवारच्या टोळीचं हेच आहे यार. एक किस्सा सांगायला जावं तर त्याला धरून मागचे चार येतात. दोन वर्षांत इतके साचलेत की फोटो कमी आणि किस्से जास्त!

टोळी म्हणजे आम्ही चौघं. चौधरी सर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता रिटायर. महाजनकाका, पॉवरलूमवाले. पप्पूदादा, लोधीपुऱ्यात त्याचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. आणि मी. दर रविवारी उजाडलं की तापीवर पक्षी, आणि ऊन चढलं की इक्बालभाईंच्या दुकानावर मावा जलेबी. जलेबी यायच्या आधी एक परीक्षा असते. प्रत्येकाने आपला दिवसाचा बेस्ट फोटो कॅमेऱ्यावर उघडायचा, बाकीच्यांनी तो मोठा मोठा करत पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत जायचं. डोळा शार्प असेल तर फोटो पास. पंख कितीही भारी असू दे, डोळा धुरकट तर फेल. "डोळा दाखव!" म्हटलं की भल्याभल्यांची फाटते.

आज ही परीक्षा सरांची होती. आणि तिच्यावर सरांची लेन्स लागली होती. मतलब, आज सरांचा एक जरी उडत्या पक्ष्याचा फोटो पास झाला तर सर फोटोग्राफी चालू ठेवणार. नाही झाला तर कायमची बंद, आणि त्यांची लेन्स माझी. हो, माझी! फुकट! म्हणूनच म्हणते, नीट ऐक.

*

या सगळ्याला सुरुवात माझ्याच एका भोळ्या प्रश्नाने झाली. मी टोळीत नवीन होते. जलेबी समोर आली होती. मी विचारलं, "मला लेन्स घ्यायचीय. प्राइम घेऊ की झूम?"

बस! निवडणुकीत होत नाहीत एवढी भांडणं!

तुला सोपं करून सांगते. प्राइम म्हणजे जिला झूमच नाही. एकच माप. पक्षी मोठा दिसायला हवा तर तू पायाने पुढे जा, लहान हवा तर पायाने मागे ये. सरांची तशी आहे. पांढरी, लांब, सडपातळ. पप्पूदादाने तिचं नाव ठेवलंय मुळा. वजनाला हलकी, फोकस झटकन, आणि एकेक पीस मोजून घ्यावं इतकी साफ. पण जुनी आहे, तिच्यात स्टॅबिलायझर नाही.

महाजनकाकांची झूम. जाडजूड, फिरवली की पक्षी जवळ, उलटी फिरवली की लांब. आणि आत स्टॅबिलायझर. मतलब आत एक काच अधांतरी असते, आपला हात इकडे हलला की ती तिकडे सरकते आणि थरथर मारून टाकते. कान लावला तर आतून बारीक गुरगुर ऐकू येते. खरंच! मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पाच मिनिटं नुसती कान लावून बसले होते.

तर त्या दिवशी सर म्हणाले, "प्राइम. एकच माप असलं की माणूस बघायला शिकतो."

काका म्हणाले, "बघायला शिकेपर्यंत पक्षी खंडव्याला पोचतो!"

सर म्हणाले, "झूमवाला आळशी होतो."

काका म्हणाले, "आणि प्राइमवाला उपाशी!"

पप्पूदादा दोघांना हवा देत होता. तासभर हे चाललं. जलेबीचा पाक गार होऊन घट्ट झाला. शेवटी इक्बालभाई झारा हातात घेऊनच बाहेर आले आणि मला म्हणाले, "बेटा, एक बात बताओ. पंछी कौन सा है, और बैठेगा कितनी दूर?"

काकांनी सरांकडे बघितलं, सरांनी जलेबीकडे.

तासाभरात हा एकच कामाचा प्रश्न होता, आणि तो आमच्यात ज्याच्याकडे कॅमेराच नाही त्याने विचारला होता.

*

काकांना मात्र स्टॅबिलायझर सिद्ध करायचाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. तू कधी चालू लूमच्या हॉलमध्ये गेली आहेस का? जमीन हलते, खिडकी हलते, दात हलतात. बोललेलं ऐकू येत नाही, नुसते ओठ दिसतात.

वर पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवर एक चिमणी बसली होती. आरामात. काका चालू लूमला पाठ टेकून उभे राहिले, पोट हलतंय, चष्मा हलतोय, आणि त्यांनी मुद्दाम शटर एकदम स्लो ठेवून, मतलब जरा हललं की फोटो धूसर व्हावा असं, फोटो काढला. बाहेर येऊन आम्ही बघितला. चिमणीचा डोळा असा शार्प की त्यात खिडकी दिसत होती!

काका नाचायचेच बाकी होते. म्हणाले, "आणखी एक!" आणि त्या जोशात त्यांनी झूम मागे घेऊन अख्ख्या हॉलचा फोटो काढला. लूम साफ, भिंत साफ, सुताची एकेक बॉबिन साफ. फक्त मधून जाणारा कारागीर तेवढा वाहून गेला होता. चप्पल होती, पाय होते, वर नुसता धूर. डोकंच नाही!

कारागीर चाचांनी स्क्रीन हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग काकांना म्हणाले, "सेठ, आज तो मैं पूरा आया था!"

रविवारी सरांना हा फोटो दाखवला. सर इतके हसले की डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "महाजन, तुमचं मशीन तुमचा हात थांबवतं. समोरच्याला कोण थांबवणार?"

मी हे त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं. लेन्सच्या पुस्तकात हे दोन पानं भरून लिहितात गं!

*

आता झूमवर हसलो तर मुळ्यावरही हसायला हवं. तेव्हा सरांचा हात एकदम ठणठणीत होता. नदीच्या पलीकडे केळीच्या बागांमधून आम्ही चाललो होतो आणि बांधावर हुदहुद उतरला. तोच, तुरेवाला, डोक्यावर पंखा उघडतो तो. आणि तो घाबरायचं सोडून टुणटुण करत आमच्याकडेच येऊ लागला!

माझ्या हातात साधी लेन्स, मी खूश. काकांनी झूम मागे घेतली, काम झालं. सरांची पंचाईत. मुळ्याचं असं आहे की पक्षी तीन-साडेतीन मीटरच्या आत आला की त्याला तो दिसतच नाही. फोकस नुसता मागे-पुढे धावतो.

तर सर एक पाऊल मागे. हुदहुद एक पाऊल पुढे. सर आणखी मागे. हुदहुद आणखी पुढे. सरांचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. मी म्हणतेय "सर, सर!" काका म्हणतायत "सर, मागे!" आणि सरांना वाटलं आम्ही त्यांना आणखी मागे जायला सांगून राहिलो.

धप्प!

पाण्याच्या चारीत सर कमरेपर्यंत. दोन्ही हात वर, हातात मुळा, त्याच्यावर चिखलाचा एक थेंब नाही. बागेतून शेतकरीदादा धावत आले, "अहो सर, लागलं का? बाहेर या, बाहेर या!"

सर चिखलातून ओरडले, "हलू नका कोणी! आता अंतर बरोबर झालंय!"

आणि तिथूनच काढला त्यांनी फोटो. तुरा उघडलेला, डोळ्यात बारीक चमक. आजपर्यंत टोळीत तसा हुदहुद कोणाला जमलेला नाही. पप्पूदादाने तो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावलाय, नवरानवरींच्या मधोमध.

*

पप्पूदादाचं ऐक. त्या हुदहुदने तो असा पेटला की सरांकडे हट्ट धरून त्याने मुळा एका दिवसासाठी मागून घेतला. सरांना वाटलं घारी काढेल. हा गेला घेऊन लग्नात!

मला म्हणाला, "प्राची, बॅकग्राउंड कशी पुसट, लोण्यासारखी होते बघ. वधू अशी उठून दिसेल ना!"

दिसली की. पण मुळ्यातून वधू अख्खी मावायची तर किती लांब जावं लागतं? मंडपात नुसतं नाकच येत होतं. मंडपाबाहेर आला तर चेहरा. गेटबाहेर आला तर कमरेपर्यंत. स्टेजवरचा अख्खा ग्रुप यायला त्याला रोडच्या पलीकडे, टायर पंक्चरच्या दुकानासमोर उभं राहायला लागलं. आणि तिथून हा हातवारे करतोय, "भाभीजी, थोडं डावीकडे! चाचाजी, हसा!" मध्ये रोडवरून ट्रॅक्टर, ऑटो, बस. कोणाला काय ऐकू येणार?

फोटो एक नंबर आले. मी बघितलेत. पण अर्ध्या लग्नात मुलीच्या वडिलांनी दुसरा फोटोग्राफर बोलावून घेतला. का, तर म्हणे, "तुम्ही कबूल केलेला माणूस आलाच नाही. एक जण पंक्चरच्या दुकानात कॅमेरा घेऊन बसलाय, तो कोण आहे माहीत नाही!"

*

आणि माझा गाढवपणा? तोही सांगते, मला काय लाज.

काकांनी नवी झूम घेतली आणि जुनी मला वापरायला दिली. "पोरी, सहा महिने वापर, मग ठरव." मी काय केलं, घरच्या गच्चीवर सरांचा ट्रायपॉड उभा केला, त्यावर झूम लावली, समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोज येणारी कापशी घार, आणि पद्धतशीर टेस्ट सुरू. इतक्या स्पीडला एक फोटो, तितक्या स्पीडला एक. वहीत तक्ता. आई विचारते, "तू घार बघून राहिली की गणित करून राहिली?"

दोनशे फोटो काढले. दोनशेच्या दोनशे घारींना दोन-दोन चोची!

मी रडकुंडीला येऊन सगळे घेऊन गेले टोळीकडे. पप्पूदादा म्हणाला, "बधाई हो! जुळे झाले!"

सरांनी लेन्स हातात घेतली, बाजूचं बटण बघितलं आणि कपाळावर हात मारला. स्टॅबिलायझर चालू होता. ट्रायपॉडवर लेन्स एकदम स्थिर, आणि आत ती काच हात शोधून राहिलीय. "कोण हललं? कोण हललं?" कोणीच हलत नव्हतं, म्हणून तीच हलत बसली! नव्या लेन्सना आपोआप कळतं म्हणे. ही जुनी, हिला नाही कळत.

सर म्हणाले, "हिची चूक नाही. हिला कामाला लावलं आणि काम दिलं नाहीस."

*

आता हसणं जरा बाजूला ठेव.

या हिवाळ्यात आम्हाला पहिल्यांदा दिसलं ते चहाच्या ग्लासात. सर ग्लास उचलायचे आणि चहावर बारीक बारीक लाटा. मग ते ग्लास दोन हातांनी धरायला लागले. मग ते म्हणाले, "मी चहा कमी केलाय."

फोटोत तर लगेच कळलं. बसलेला पक्षी यायचा कसाबसा, पण उडत्याच्या मागे मुळा फिरवताना फ्रेममध्ये शेपटीच राहायची. नाही तर नुसतं आकाश. डॉक्टरांकडे जाऊन आले, गोळ्या चालू आहेत, वयाचं आहे म्हणाले. "डोळा दाखव" आला की आम्ही तिघं खोटं बोलायला लागलो. कोणी ठरवलं नव्हतं हं, आपोआप. काका म्हणायचे, "लाईटच नव्हता आज." पप्पूदादा म्हणायचा, "पक्षीच बेकार होता सर, नखरे किती!" एकदा सरांचे सगळेच्या सगळे फेल गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धुकं होतं ना सर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. कपाळावरचा घाम पुसला.

"मार्च संपत आलाय, प्राची. बुऱ्हाणपुरात. धुकं?"

मी जलेबीत तोंड घातलं.

काका मात्र सरळ माणूस. ते उठले, आपली नवी झूम सरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, बस झालं भांडण. ही घ्या. स्टॅबिलायझर आहे, तुम्हाला काही कळणारही नाही."

सरांनी डोळा लावला. समोर तारेवर वेडा राघू बसला होता. सरांचा हात हलत होता, मला बाजूने दिसत होतं, पण आत त्यांना राघू एकदम शांत दिसत असणार. बराच वेळ ते बघत राहिले. मला वाटलं, झालं, जमलं! काकांनी मला डोळा मारला.

सरांनी लेन्स परत दिली. "छान आहे, महाजन. पण मला नको."

"का पण?"

"मला कळायला पाहिजे ना, किती हलतोय ते!"

काकांनी निमूट झूम बॅगेत भरली. काकांनी! विचार कर!

मागच्या रविवारी मग सरांनीच फैसला सांगितला. पुढचा रविवार शेवटचा. हातातच धरणार, ट्रायपॉड नाही, आणि पक्षी उडताच हवा. एक डोळा जरी शार्प आला तर चालू. नाही तर बंद. "आणि कोणी धुकं काढायचं नाही," माझ्याकडे बघून म्हणाले. "मुळा प्राचीला. कपाटात ठेवला तर काचेला बुरशी धरते."

मी म्हटलं, "सर, असं नका ना."

"का? तुला प्राइम की झूम ठरवायचंच होतं ना? तुझं पण ठरून जाईल."

निशू, खरं सांगू? तुझ्याशी काय लपवायचं. आठवडाभर मला झोपताना दोन गोष्टी एकदम वाटायच्या. सरांचा फोटो यावा. आणि मुळा मला मिळावा. दोन्ही एकदम! मी स्वतःलाच म्हणायचे, प्राची, एक काहीतरी ठरव ना!

*

तर आज.

तापीला आता पाणी कमी आहे, खडक वर आलेत. खडकांमधल्या डोहावर कवड्या खंड्या मासे मारतो. काळापांढरा, टपोऱ्या डोळ्यांचा. त्याची खासियत माहितीय? तो हवेत एका जागी थांबतो. पंख फडफडतायत, चोच खाली, आणि पक्षी जणू खिळ्याला टांगलेला. तीन-चार सेकंद, मग सुळकन पाण्यात. उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचा तर याच्यापेक्षा दयाळू पक्षी नाही. सरांनी बरोबर निवडला होता.

काका आणि पप्पूदादा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसले. सर म्हणाले होते, "गर्दी नको." मी शेजारी, कारण सरांची बॅग माझ्याकडे.

दीड तास, यार. खंड्या यायचा, थांबायचा, सर मुळा उचलायचे, कट-कट-कट-कट, खंड्या खाली. सर काही बघायचे नाहीत, नुसते पुन्हा उभे. ऊन चढलं. मधेच त्यांनी उजवा हात डाव्याने दाबून धरला, मी बघितलं नाही असं दाखवलं.

आणि सरांचा फोन वाजला. काकूंचा. घेतला नाही तर त्या घाबरतात, म्हणून सरांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि दोन पावलं बाजूला जाऊन पाठ करून बोलायला लागले. "हो गं, गोळी घेतली. नाही गं, टोपी आहे."

आणि खंड्या आला.

समोर! इतका समोर तो सकाळपासून एकदाही आला नव्हता. माझ्या तर हातात माझा कॅमेराच नव्हता, तो गळ्यात लटकत होता, त्याला झूम. हातात होता सरांचा. मी विचारच केला नाही. कधी डोळा लावला, कधी बटण दाबलं, मला कळलंच नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर आम्ही कधी बोट ठेवत नाही गं, ताटातला घास उचलण्यासारखं वाटतं ते. पण तो मुळा इतका हलका, इतका झटकन बसला डोळ्यावर! खंड्या थांबलेला, मी थांबलेली. कट-कट-कट. तीन.

सर वळले. "आला काय?"

मी "हो" म्हणत कॅमेरा दिला, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, आईशप्पथ तोंडात होतं, तेवढ्यात खंड्या पुन्हा वर चढून थांबला आणि सरांनी मुळा उचलला. कट-कट-कट-कट-कट. लागोपाठ. माझ्या तिनाला चिकटून त्यांचे.

मग सरांनी कॅमेरा बंद केला. "चला. जलेबी."

वाटेत मी सांगणार होते. पण वाटेत काका होते, पप्पूदादा होता, आणि सर पुढे भराभरा चालत होते, रिझल्ट बघायला मुलं जातात ना तसे.

इक्बालभाईंच्या दुकानात आम्ही चौघं बाकावर. सरांनी स्वतः कॅमेरा उघडला. एकेक फोटो. शेपूट. पाणी. अर्धा पंख. नुसता खडक. एकात खंड्या पूर्ण होता, सरांनी मोठा करत नेला, डोळा धुरकट. पुढे. पाणी. पाणी. आकाश. इक्बालभाई पण झारा थांबवून मागे उभे राहिले होते.  धुकं कोणी काढलं नाही.

मग तो आला.

मी ओळखला ना लगेच, माझ्या तिनातला. सरांचं बोट बटणावर थांबलं. मोठा केला. आणखी मोठा. स्क्रीनभर डोळा. काळाभोर, आणि त्यात, यार, त्यात अख्खी तापी दिसत होती, खडक सुद्धा!

काका बाकावरून उठलेच. "अरे वा रे वा! सर! जिंकलात!" पप्पूदादाने सरांच्या गळ्यातच हात टाकला. इक्बालभाई म्हणाले, "आज की जलेबी मेरी तरफ से!" काकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी, निशू, लूमच्या हॉलमध्ये आयुष्य काढलेला माणूस!

 सरांनी फोटो एक मागे नेला, मग एक पुढे आणला. मग आपला उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो हलत होता.

मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू.

"प्राची, तू शेजारीच होतीस ना? हा मीच काढला ना गं?"

तिघंही माझ्याकडे बघतायत. काका हसतायत. पप्पूदादा हसतोय. सर हसत नाहीयेत, नुसते बघतायत. आणि मुळा टेबलावर, माझ्या ताटलीला खेटून.

मी काय म्हटलं ते मग सांगते, आधी तू सांग ना निशू, तू असतीस तर काय म्हणाली असतीस?